मोकळ्या जागेचा सदुपयोग

३ मार्च, सोमवार

आजपासून दुकान माझ्या हातात.

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सकाळी झालं. आत नेण्याआधी तिने मला जवळ बोलावलं, चाव्या दिल्या आणि म्हणाली, शहाण्या, मी येईपर्यंत दुकान आहे तसं ठेव. काही हलवू नकोस.

याचा अर्थ मला लगेच कळला. मी स्वतःहून काय करतो ते तिला बघायचंय. मोठी माणसं सरळ बोलत नाहीत. मूलबाळ नाही, भाचा मी एकटा. पुढे दुकान कोणाकडे जाणार हे उघड आहे, फक्त परीक्षा बाकी होती.

दुपारी दुकानात उभा राहून नव्या नजरेने पाहिलं. गाद्या, उशा, पडदे, चादरी. पुढे काचेची शोकेस आणि बिलिंगचं काउंटर, तिथे बायको बसते. सगळ्यात मागे आत्याचं टेबल, टेबलामागे गल्लीत उघडणारं लोखंडी दार. आणि मधोमध ही भली रुंद वाट! दोन माणसं डबलबेडची गादी आडवी धरून आरामात जातील एवढी. इतकी वर्षं ही जागा रिकामी पडून आहे आणि कोणाच्या डोक्यात उजेड पडला नाही.

संकल्प: आत्या परत येईल तेव्हा दुकान ओळखू येता कामा नये.

५ मार्च

एक होलसेलवाला गोडाऊन खाली करतोय. फोमच्या गाद्या, बोलाल तेवढ्या. मी बोललो.

बायको म्हणाली, ठेवणार कुठे? मी म्हटलं, ते माझ्यावर सोड. ती म्हणाली, तेच सोडवत नाहीये.

८ मार्च, शनिवार

गाद्या आल्या. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना छातीपर्यंत थप्प्या. मागच्या दाराला लागून एकदम छतापर्यंत. तिथून तसंही कोणी येत-जात नाही. चोरीची भीती नको म्हणून त्या दाराला गल्लीच्या बाजूने नवं कोरं कुलूप ठोकलं. किल्ली गल्ल्यात.

परवा एका व्हिडिओत ऐकलं की गिऱ्हाइकाचा मालाला स्पर्श झाला की अर्धी विक्री झाली. आता आमच्याकडे स्पर्श टाळणं अशक्य आहे. आमचा सेल्समन लंबू (उंचीवरून पडलेलं नाव, दुसरं काही कारण नाही) म्हणाला, साहेब, समोरून कोणी आलं की मला मागे मागे चालत काउंटरपर्यंत यावं लागतं. मी म्हटलं, व्यायाम होतो.

बायकोचं म्हणणं, माणूस अंग चोरून चालायला लागला की तो माल बघत नाही, बाहेर पडायची वाट बघतो. तिला रिटेल कळत नाही. बिलिंग उत्तम करते.

११ मार्च, मंगळवार

आज अग्निशमन खात्याच्या बाई आल्या. वयाने लहान, बूट मोठे. रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची तपासणी चालू आहे म्हणे. मी स्वतः फिरवून दाखवलं. बाईंनी बरंच लिहून घेतलं. इतका रस आजवर कोणी घेतला नव्हता.

वाटेत टेप लावून मोजलं. म्हणाल्या, इथे मीटरभर तरी मोकळं हवं, हे त्याच्या निम्मंही नाही. धूर झाला तर माणसं एकमेकांवर पडतील. मी म्हटलं, पडली तरी गादीवरच पडतील. हसल्या नाहीत. सरकारी माणसांना विनोदाचं वावडं असतं.

मग विचारलं, मागचं दार कुठाय? मी म्हटलं, या गाद्यांच्या मागे. त्या म्हणाल्या, मागे म्हणजे? मी समजावलं की चोर आत शिरूच शकत नाही, शिवाय बाहेरून कुलूप आहे. बाहेरून? असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा मी अभिमानाने हो म्हटलं.

आठ दिवसांत वाट आणि दार मोकळं करा, नाहीतर दुकान सील करावं लागेल, असं सांगून गेल्या. आठ दिवस म्हणजे भरपूर झाले. घाई असती तर उद्या म्हणाल्या असत्या.

१२ मार्च

आजपासून गाद्या हलवायच्या ठरवल्या होत्या. लंबूची पाठ धरली. त्याची झाली की माझी धरेल, असं वाटलं. उद्या.

१५ मार्च, शनिवार

बाईंना खूश करण्यासाठी सकाळपासून राबतोय. एक्झिटचा बोर्ड आणला, बॅटरीवरचा, हिरवा, बाणासकट. मागच्या दारावर लावायचा होता, पण दार दिसत नसल्याने गाद्यांवरच टाचला. बाण बरोबर दाराकडे आहे. मध्ये गाद्या आहेत एवढंच.

आग विझवायचा लाल सिलिंडरही घेतला. शोकेसमध्ये फार भडक दिसत होता, म्हणून फिकट निळ्या पडद्याच्या मागे ठेवला. आता कोणाला कळतही नाही. (दुपारी बायकोचा पाय त्याच्यावर आपटला. अंगठा सुजलाय. बघून चालावं माणसाने.)

मग ड्रिल घेतली. मी मोठ्याने ‘आग!’ असं ओरडलो. लंबूने वर न बघता विचारलं, कुठे? मी म्हटलं, समज लागली. तो म्हणाला, समजलो. पण बाहेर गेला नाही, कारण मध्ये एक बाई उशा दाबून बघत होत्या आणि त्यांना ओलांडता येत नव्हतं. त्यांनी उशी घेतली मात्र. ड्रिलचा धंद्यावर चांगला परिणाम होतो असं दिसतं.

१७ मार्च, सोमवार

आत्याला घरी सोडलं. गुडघा अजून वाकत नाही, काठीसारखा सरळ. वॉकर घेऊन चालते. बुधवारी दुकानात येणार म्हणाली. मी म्हटलं, विश्रांती घे. ती म्हणाली, तुझ्या बायकोने सांगितलंय मला सगळं.

सगळं म्हणजे काय? रात्री जेवताना विचारलं तर बायको म्हणाली, अहो, दिसतं तेवढंच सांगितलं. जेवण गेलं नाही.

संकल्प: उद्या वाट रिकामी. काहीही होवो.

१८ मार्च, संध्याकाळ

उत्तम तोडगा निघाला. माल बाहेर काढायची गरजच नाही, वर चढवायचा! वाटेतल्या थप्प्या आणखी उंच केल्या. त्यामुळे खाली चांगली वीतभर जागा सुटली. छातीपर्यंत होत्या त्या आता डोक्याच्या वर. जरा डोलतात, पण एकमेकींना टेकल्या की थांबतात.

छातीत धडधडतंय. ओझं उचलल्यामुळे असणार.

१९ मार्च, बुधवार, सकाळी

आत्या आली. बायकोने हात धरून आणलं. दारात उभी राहून तिने आत पाहिलं. ओरडली नाही. आत्या ओरडते तेव्हा मला भीती वाटत नाही.

मग वॉकर पुढे टाकला. दोन पावलं आली आणि वॉकर दोन्ही बाजूंनी गाद्यांना अडला. मी म्हटलं, आत्या, जरा तिरकी हो. ती म्हणाली, मी होईन, हा होईल का? शेवटी वॉकर मिटून लंबूने डोक्यावरून मागे नेला आणि आत्या गाद्यांना धरून धरून आपल्या टेबलापर्यंत गेली. मध्ये एकदा तोल गेला तेव्हा आख्खी थप्पी हलली. पडली नाही. म्हणजे व्यवस्था भक्कम आहे.

आता ती मागे बसलीय. मी पुढे शोकेसमध्ये नवीन पडदे लावतोय, घड्या मोडायला इस्त्री तापत ठेवलीय. तिला नवा डिस्प्ले दाखवला की राग निवळेल. एक पडदा झाला. दुसऱ्यावर इस्त्री

आत्या हाक मारतेय. येतो लगेच.

२१ मार्च, शुक्रवार, दुपार. घरी

खोकला आहे. बाकी ठीक.

परवाचं नीट लिहून ठेवलं पाहिजे. लोक आपापल्या सोयीने सांगत सुटलेत.

मी मागे गेलो तेव्हा आत्या गाद्यांच्या भिंतीकडे बघत होती. म्हणाली, दार काढ. मी म्हटलं, उद्या सकाळी पहिलं काम ते. ती म्हणाली, आत्ता. मी वेळ काढत होलसेलवाल्याचं कौतुक सांगत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, वास येतोय. मी म्हटलं, गल्लीत कोणी कचरा पेटवला असेल. ती म्हणाली, शहाण्या, वास पुढून येतोय.

मग लंबू ओरडला. या वेळी त्याला कुठे ते माहीत होतं.

वळून पाहिलं. धूर पांढरा असतो अशी माझी समजूत होती. हा काळा होता. छताला लागून येत होता, कोणीतरी पुढून मागे पडदा ओढत आणावा तसा, एकसारखा. दिवे गेले. लंबूने मेन स्विच बंद केला होता. बरोबरच केलं त्याने, पण त्या क्षणी मी त्याला शिवी दिली. अंधारात एकच गोष्ट दिसत होती, माझा हिरवा बोर्ड. बाण गाद्यांकडे.

मी ताबडतोब पुढची वाट तपासायला निघालो. एकटाच, कारण आत्याला घेऊन तपासणं शक्य नव्हतं. धावत नव्हतो, भरभर चालत होतो. अर्ध्यात पोचलो आणि डाव्या बाजूची थप्पी माझ्यासमोर आडवी आली. मग तिच्यावर उजवीकडची. मऊ असतात, आवाजही होत नाही. समोर आत्ता वाट होती आणि आत्ता नाही. गाद्यांच्या पलीकडे बायको माझं नाव घेऊन ओरडत होती. कधी घेत नाही.

परत फिरलो. आत्या टेबलाला धरून उभी होती. म्हणाली, आलास परत? बरं झालं.

एवढंच म्हणाली.

मग म्हणाली, खाली बस, धूर वर असतो. मी बसलो. खाली खरंच श्वास घेता येत होता. वर पाहिलं तर ती तशीच उभी, आणि तिचा चेहरा धुरात गेलेला. मी ओरडलो, बस ना! ती म्हणाली, गुडघा.

एक गादी ओढून जमिनीवर टाकली आणि तिला कमरेला धरून आडवी पाडली. ती किंचाळली. आत्याला मी आजवर कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं. टाके उसवले होते ते नंतर कळलं.

मग मी दारावरच्या गाद्या काढायला लागलो. वरची हाताला लागेना, मधली ओढली तर सगळ्या तिच्यावर बसलेल्या. बाहेरचं प्लास्टिक इतकं गुळगुळीत की बोटं निसटत होती. दोन नखं गेली. एक निघाली, ती मागे फेकली. दुसरी फेकली. मागून आत्याचा आवाज आला, अरे, मला पुरतोस की काय? तेव्हापासून बाजूला उभ्या करत गेलो.

किती काढल्या आठवत नाही. शेवटी दोन गाद्यांच्या फटीतून हात आत घातला, दाराचं लोखंड हाताला लागलं, खांद्याने रेटा दिला. दार हललं नाही. तेव्हा कुलूप आठवलं.

इथे थोडं पाणी पिऊन आलो.

मी दार बडवत होतो. आत्या जमिनीवरून बोलत होती. मी लहानपणी लपाछपीत कपाटात लपलो आणि आतून उघडता येईना, तर मी कसा आतूनच ‘मी इथे नाहीये’ म्हणून रडत होतो, ते सांगत होती. सावकाश, मध्ये मध्ये खोकत, सगळं तपशीलवार. धुराने तिच्या डोक्यावर परिणाम झाला असणार. मी तिला धीर देत होतो. मग ती बोलायची थांबली. मी म्हटलं, आत्या, पुढे? मी म्हटलं, आत्या, कपाट कोणी उघडलं?

बाहेर कुलपाचा खडखडाट झाला. बायको गल्ल्यातून किल्ली घेऊन, रांगेतल्या सगळ्या दुकानांना वळसा घालून, तो सुजलेला अंगठा घेऊन धावत गल्लीत पोचली होती. नवं कुलूप, लवकर उघडेना. मग दार बाहेरच्या बाजूला उघडलं, उरलेल्या गाद्या धडाधड गल्लीत कोसळल्या आणि उजेडातून एक हात आत आला. त्याने माझी कॉलर धरली.

मी म्हटलं, आधी आत्याला घे.

बायको म्हणते, तुम्ही असं काही म्हणाला नाहीत. गोंधळ खूप होता, तिला ऐकू गेलं नसेल.

२४ मार्च, सोमवार

आत्याला भेटायला गेलो. ऑक्सिजन काढलाय. पाय पुन्हा बांधलाय. आणखी किती दिवस ते डॉक्टर सांगत नाहीत.

मी सोबत फुलं नेली होती आणि चार वाक्यं ठरवून गेलो होतो, की कठीण प्रसंगी डोकं शांत ठेवणं महत्त्वाचं वगैरे. पहिलंच म्हटलं आणि विचारलं, आत्या, तुला त्या वेळी मध्येच कपाटाची गोष्ट कशी आठवली? भ्रम झाला होता का?

ती म्हणाली, तू फार घाबरला होतास. कोणीतरी बोलत राहायला हवं होतं.

बाकीची तीन वाक्यं राहिली.

निघताना म्हणाली, दुकान तुझ्या बायकोकडे देतेय. तिला सांगितलंय, ती हो म्हणाली. मी म्हटलं, मला विचारायला हवं होतं. आत्या म्हणाली, हो का? आणि डोळे मिटले.

फुलं नर्सबाईंनी खिडकीत ठेवली.

२६ मार्च, बुधवार

अग्निशमनच्या बाई घरी आल्या. आग कशी लागली, याचा जबाब. मी म्हटलं, शॉर्टसर्किट. जुन्या वायरिंगमुळे होतं असं. बाईंनी पिशवीतून इस्त्री काढून टेबलावर ठेवली. तळाला पडद्याचा निळा रंग चिकटलेला. मी म्हटलं, इस्त्रीतही शॉर्टसर्किट होऊ शकतं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, अहो, पुरे.

पुरे केलं. इस्त्री मी चालू ठेवली होती, असं लिहून सही केली.

लंबूने सिलिंडर वापरून शोकेसपाशीच आग बरीच दाबली, नाहीतर गाड्या यायच्या आत फोम पेटला असता, असं बाई म्हणाल्या. मी म्हटलं, सिलिंडर मी आणला होता. त्या म्हणाल्या, हो, आणि तुमच्या मिसेसच्या पायाला लागला म्हणून सापडला.

त्यांना विचारलं, पेटला असता तर आम्हाला किती वेळ मिळाला असता? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाल्या, ते नका विचारू.

९ एप्रिल

दुकानाचं काम जोरात चालू आहे. बायको सकाळी जाते, संध्याकाळी येते, केसांत चुन्याची धूळ. मागच्या दाराला आता आतून ढकलायची दांडी बसवलीय, कुलूप नाही. होलसेलवाल्याने उरलेल्या गाद्या परत नेल्या, कसा काय तयार झाला ते तिलाच माहीत.

मी सल्ला द्यायला जाणार होतो. खोकला आहे.

१७ एप्रिल

आज जाणार होतो. धुळीने खोकला वाढतो. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. डॉक्टर तरुण आहे.

२६ एप्रिल, शनिवार

बायको म्हणाली, सोमवारी उघडतोय. तुम्ही पुढे गिऱ्हाइकांशी बोला, ते तुम्हाला छान जमतं. हे तिने मनापासून म्हटलं असं वाटतं. हुद्दा विचारणार होतो, नाही विचारला.

संकल्प: सोमवारी सगळ्यांच्या आधी हजर.

२८ एप्रिल, सोमवार

इस्त्रीचा शर्ट घातला. शर्टाला इस्त्री बायकोने केली.

सगळ्यांच्या आधी पोचलो. किल्ली माझ्याकडे नसल्यामुळे समोरच्या फूटपाथवर थांबलो. बायको आली, लंबू आला, शटर वर गेलं. बायकोने आतून हात केला. मी म्हटलं, आलोच, जरा बाहेरून कसं दिसतंय ते बघतो. बाहेरून बघणारंही कोणीतरी हवं.

छान दिसत होतं. दारातून थेट मागच्या दारापर्यंत आरपार नजर जात होती. भिंतींना नवा पांढरा रंग. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. एक पाय आत ठेवला. रंगाचा वास आला, नुसता रंगाचा, दुसरा कसलाही नाही. मला माहीत होतं की तो रंगाचाच आहे. पाय बाहेर घेतला.

परत ठेवला. परत घेतला. नवे बूट चावत असावेत.

असा किती वेळ उभा होतो कोणास ठाऊक. हातांनी चौकट घट्ट धरलेली होती, ती सुटत नव्हती. बायकोने काउंटरवरून पाहिलं. चहा आणून दिला, मी तिथेच उभ्याने प्यायलो. ती म्हणाली, आज नाही तर उद्या. मी म्हटलं, नाही नाही, आजच, दोन मिनिटं.

तेवढ्यात मागून बाळाची गाडी ढकलत एक बाई आल्या. थांबल्या. मी त्यांना नमस्कार केला, या म्हटलं, आत सगळं नवीन आहे म्हटलं. त्या म्हणाल्या, हो, पण तुम्ही दारात उभे आहात. आत जाणार आहात का? नसाल तर वाट सोडा.

मी बाजूला झालो.